रोज पाऊस दाखवतोय तरी लेक डिस्ट्रिक्टला जा, फक्त वाट सकाळी ठरवा

तुम्ही विचारलंय की आई-बाबा पुण्याहून पहिल्यांदाच आलेत, बाबांचा गुडघा दुखरा आहे, मुलगी सहा वर्षांची, ऑक्टोबरच्या हाफ टर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकजवळ चार रात्रींचं कॉटेज बुक झालंय आणि आता फोनवर चारही दिवस काळा ढग नि त्याखाली दोन थेंब दिसतायत, तर कॅन्सल करून लंडनला जावं का. नका करू कॅन्सल. मी लँकेशरमध्ये अठरा वर्षं राहते, त्यातली बारा वर्षं इथल्या वॉकिंग ग्रुपमध्ये वॉक लीड करतेय, आणि भारतातून आलेल्या आई-बाबा, सासू-सासरे, आत्या, मावश्या अशा कितीतरी जणांना मी ऑक्टोबरमध्येच त्या तळ्यांकाठी फिरवलंय, त्यामुळे हे अगदी मनापासून सांगते की पावसाने ट्रिप वाया जात नाही, आधीच ठरवून ठेवलेल्या मोठ्या वाटेचा हट्ट धरला की वाया जाते.

आधी त्या फोनवरच्या ढगाचं बघू. दिवसभराचं जे एक चित्र दाखवतात त्यात दिवसातला दोन तासांचा पाऊससुद्धा पूर्ण दिवस पाऊस असल्यासारखा दिसतो, म्हणून ते बघायचंच नाही, तासातासाचा फोरकास्ट बघायचा आणि सकाळी नाश्ता करताना मेट ऑफिसचं, म्हणजे इथल्या हवामान खात्याचं, रेनफॉल रडार उघडायचं, त्यात ढग कुठून कुठे सरकतायत ते हलताना दिसतं आणि पुढचे दोन-तीन तास बऱ्यापैकी कळतात. दुसरं म्हणजे इथला पाऊस कसा पडतो ते आपल्या लोकांना समजायला एकदम सोपं आहे कारण सह्याद्रीत हेच होतं. अटलांटिकवरून नैर्ऋत्येचा ओला वारा येतो, डोंगरावर चढतो, गार होतो आणि तिथेच पाणी टाकतो, मग पलीकडे उतरतो तेव्हा रिकामा झालेला असतो. महाबळेश्वरला झड लागलेली असते आणि खाली वाईला रस्ता कोरडा, तेच इथे. केझिकच्या दक्षिणेला बॉरोडेल दरीच्या टोकाला सीथवेट नावाची चार घरांची वस्ती आहे, तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इंग्लंडमधली सगळ्यात जास्त पावसाची वस्ती तीच, आणि तिथून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवरच्या केझिकमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. आणखी पूर्वेला पेनरिथकडे गेलात की अजून कमी. म्हणजे सकाळी बॉरोडेलचा डोंगर दिसतच नाहीये, सगळं राखाडी झालंय, तर घरात बसू नका, गाडी पूर्वेला काढा, अल्सवॉटर तळ्याच्या खालच्या टोकाला पूली ब्रिज गावाला जा, अर्ध्या वेळा तिथे ऊन असतं. हे एकच कळलं तरी ट्रिपचे दोन दिवस वाचतात.

पाऊस म्हणजे कुठला पाऊस हेही बघा. इथे ऑक्टोबरमध्ये मोस्टली भुरभुर असते, पडतोय म्हणावं तर अंगाला लागत नाही, चष्म्यावर मात्र दिसतो. त्यात खुशाल फिरा. सर येते ती दहा-पंधरा मिनिटांची, एखाद्या ओकच्या झाडाखाली उभं राहून चहा प्यायचा की गेली, आणि सर गेल्यावर जे ऊन पडतं त्यात समोरचा अख्खा डोंगर तांबूस पेटल्यासारखा दिसतो, कारण त्यावरचं ब्रॅकन, म्हणजे नेच्याचीच एक जात, या दिवसांत गंजाच्या रंगाचं झालेलं असतं. इंद्रधनुष्य तर इतकी दिसतात की तुमची लेक मोजायला लागेल. रिपरिप असेल तर तासाभराची वाट घ्या, त्याहून मोठी नको. आणि झड लागली असेल, वाऱ्यासकट, तर त्या दिवशी तळ्याकाठी जायचंच नाही. केझिकमध्ये पेन्सिल म्युझियम आहे, तिथे जा. बॉरोडेलच्या डोंगरात सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइट सापडलं आणि त्यातून इथे पेन्सिली बनायला लागल्या, सहा वर्षांच्या मुलीला आणि आजोबांना दोघांनाही तिथे छान वेळ जातो. झड म्हणजे काय होऊ शकतं याचा अंदाज यावा म्हणून सांगते, डिसेंबर 2015 मध्ये डेझमंड वादळात बॉरोडेलच्या वरच्या हॉनिस्टर खिंडीत 24 तासांत 341.4 मिलीमीटर पाऊस झाला, ब्रिटनमधला तो रेकॉर्ड आहे, आणि त्या पुरात पूली ब्रिजचा जुना दगडी पूल वाहून गेला. तेव्हा मेट ऑफिसची पिवळी वॉर्निंग असली तर प्लॅन लहान करा, अंबर असली तर कॉटेजमध्ये पत्ते खेळा, यात धाडस करू नका.

पावसापेक्षा मी वाऱ्याला जास्त मानते. नवीन लोक फक्त पाऊस बघतात. दहा डिग्री टेंपरेचर, जे ऑक्टोबरअखेरीला इथे दुपारचं असतं, ते पुण्याच्या डिसेंबरमधल्या पहाटेसारखंच आहे, आई-बाबांना ते नवीन नाही, पण त्यात कपडे ओले आणि वर तळ्यावरून येणारा वारा असला की साठ-सत्तरीच्या माणसाचं अंग अर्ध्या तासात गार पडतं आणि आपली माणसं बोलत नाहीत, "मला काही नाही, तुम्ही व्हा पुढे" म्हणतात. म्हणून वारा जोरात असेल त्या दिवशी उघड्या काठाची वाट नको, झाडीतली घ्या. तळ्याचा जो काठ वाऱ्याच्या आडोशाला आहे तो निवडा, नैर्ऋत्येचा वारा असेल तर साधारणपणे पश्चिमेचा काठ.

आता वाटा. केझिकला राहताय म्हणजे डरवेंटवॉटर तळं तुमच्या दारात आहे, पहिल्या संध्याकाळी पोचल्या पोचल्या सगळ्यांना फ्रायर्स क्रॅगपर्यंत न्या. लेकसाइड कार पार्कपासून जेमतेम एक किलोमीटर, सपाट, व्हीलचेअरसुद्धा जाते, कार पार्कला टॉयलेट आहे (आई-बाबांबरोबर असताना टॉयलेट कुठे आहे हे मी वाटेच्या लांबीइतकंच महत्त्वाचं धरते, तुम्हीही धरा). टोकाला पाइनची झाडं नि बाक, समोर तळं आणि मागे बॉरोडेलची दरी. तिथून आणखी पुढे काठाकाठाने काफक्लोज बे आहे, तिथे नॅशनल ट्रस्टला (निसर्ग नि जुन्या वास्तू जपणारी इथली संस्था) शंभर वर्षं झाली म्हणून 1995 मध्ये ठेवलेला एक मोठा दगड आहे, मधोमध चिरून दोन भाग केलेले आणि आतल्या सपाट बाजूंवर नक्षी कोरलेली. पाऊस जास्त झाला की तळं चढतं आणि तो दगड पाण्यात जातो. तो लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

बाबांच्या गुडघ्यासाठी मला सगळ्यात आवडणारी वाट म्हणजे लाँचने जायचं आणि काठाने चालायचं. केझिकच्या धक्क्यावरून लाँच सुटते, ती तळ्याला चक्कर मारते आणि मध्ये सात-एक ठिकाणी थांबते. तुम्ही हाय ब्रँडलहाऊला उतरा आणि झाडीतून पाण्याच्या कडेकडेने हॉज एंडपर्यंत चाला, दोन-अडीच किलोमीटर असेल, आणि तिथून परत लाँच पकडा. यातली गंमत अशी की वाटेत लो ब्रँडलहाऊचा धक्का येतो, म्हणजे गुडघा कुरकुरायला लागला किंवा सर आली तर मध्येच सुटका आहे. मी वाट निवडताना नेहमी हेच बघते, किती सुंदर आहे ते नंतर, मध्येच सोडता येते का ते आधी. हेच ब्रँडलहाऊचं जंगल नॅशनल ट्रस्टने 1902 मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करून विकत घेतलं, लेक डिस्ट्रिक्टमधली त्यांची पहिली जागा, नाहीतर तो काठ खाजगी बंगल्यांकडे गेला असता आणि आज आपण तिथून चालू शकलो नसतो. फक्त लाँचचं टाइमटेबल त्या दिवशीचं बघा, थंडीत फेऱ्या कमी होतात आणि वारा फार असला तर बंदही ठेवतात, शेवटची लाँच किती वाजता आहे ते धक्क्यावर विचारल्याशिवाय चढू नका.

एक दिवस गाडी काढून टार्न हाउजला जा, कॉनिस्टनजवळ. फेरी साधारण तीन किलोमीटरची, रुंद, खडी घातलेली, बाबागाडी जाते, बाक जागोजागी, कार पार्कला टॉयलेट. दिसायला इतकं सुंदर तळं नैसर्गिक असेल असंच वाटतं पण ते एकोणिसाव्या शतकात तीन छोटी तळी बांध घालून एक करून बनवलंय. काठावर लार्चची झाडं आहेत, सूचिपर्णी असूनही हा लार्च हिवाळ्याआधी पिवळाधमक होऊन सगळ्या सुया गाळतो, ऑक्टोबरच्या शेवटी ते पिवळं पाण्यात उतरलेलं असतं आणि वाटेवर त्या सुयांची मऊ पिवळी रांगोळी पडलेली असते. माझ्या आईने तिथे वाकून मूठभर सुया उचलल्या आणि म्हणाली, अगं हा तर झेंडूच्या पाकळ्यांसारखा रंग आहे, आणि पूर्ण फेरीभर ती मूठ तिने उघडली नाही. चौथ्या बाकावर आम्ही चहा काढला. थर्मासचं झाकण उघडल्यावर वाफ वर गेली, आईच्या चष्म्यावर बसली, तिने पदराने चष्मा पुसायला घेतला तेवढ्यात समोरचं धुकं जरासं फाटलं आणि पलीकडचा डोंगर दिसला नि पुन्हा झाकला गेला, दहा सेकंद असेल. तिला दिसला की नाही मला आजपर्यंत नक्की माहीत नाही पण पुण्याला गेल्यावर ती सगळ्यांना तोच डोंगर सांगते.

बटरमिअरचं मात्र नीट वाचा. वाट सुंदर, तळ्याभोवती पूर्ण फेरी सात किलोमीटरच्या आसपास, चढ जवळजवळ नाहीच, आणि एका ठिकाणी काठावरच्या खडकातून खोदलेला छोटा बोगदा आहे, आत अंधार, पायाखाली डबकी, मुलं तिथून चार-चार वेळा ये-जा करतात. पण अर्ध्यावर गेल्यावर परत फिरलं काय नि पुढे गेलं काय सारखंच, मध्ये सुटका नाही. माझी चूक इथलीच. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी घड्याळं मागे गेल्यानंतरच्या सोमवारी आम्ही दुपारी दोनला फेरी सुरू केली, सासूबाई कॅनव्हासच्या बुटात, मुलगा पाच वर्षांचा, ऊन पडलेलं म्हणून सगळे खूश. पलीकडच्या काठाला पोचलो आणि दरीच्या टोकाकडून पाऊस भिंतीसारखा आला. मुलाची जीन्स मांड्यांना चिकटली, चालेना, उचलला तर माझं जॅकेट आतून ओलं, सासूबाईंचा पाय ओल्या पाटीच्या दगडावरून दोनदा सरकला, साडेचारला अंधारायला लागलं आणि टॉर्च गाडीत. काही झालं नाही, पोचलो, गावातल्या हॉटेलात शेकोटीपाशी बसून गरम सूप प्यायलं, पण त्या शेवटच्या दीड किलोमीटरमध्ये सासूबाईंनी माझा हात ज्या जोराने धरला होता तो मला अजून आठवतो आणि त्यानंतर मी दुपारी बारानंतर बटरमिअरची पूर्ण फेरी कधीच सुरू केलेली नाही. तुम्ही गेलात तर पूर्ण फेरी नको, गावातून नैर्ऋत्येच्या काठाने बर्टनेस वुडच्या झाडीत अर्धा-पाऊण तास जा नि त्याच वाटेने परत या. बोगदा दुसऱ्या काठाला आहे, गुडघा नि हवा दोन्ही बरं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्यासाठी वेगळं जाऊन या. आणि हाफ टर्ममध्ये तिथलं पार्किंग सकाळीच भरतं.

घड्याळांचं लक्षात ठेवाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, शनिवारी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि रविवारी पावणेपाचला, दरीत डोंगराच्या सावलीमुळे त्याहीआधी. तुमचे चार दिवस या रविवारच्या अलीकडे की पलीकडे ते बघा. फोनची बॅटरी थंडीत पटकन उतरते म्हणून डोक्याला लावायचा टॉर्च एक तरी बॅगेत ठेवा.

मोठ्या पावसानंतरच्या सकाळी धबधबे बघा, हा पावसाचा फायदा आहे. अल्सवॉटरकाठचा एरा फोर्स वीसेक मीटर उंचीवरून पडतो आणि वर नि खाली दोन दगडी पूल आहेत, भरल्या पावसात त्याचा आवाज कार पार्कपर्यंत येतो. पायऱ्या ओल्या असतात, बाबांना खालच्या पुलापाशीच थांबवा, तिथून पूर्ण दिसतो. पायऱ्यांची भीती वाटत असेल तर नॅशनल पार्कने "माइल्स विदाउट स्टाइल्स" नावाने पन्नासच्या आसपास वाटा निवडून ठेवल्यात, म्हणजे जिथे कुंपणावरून चढून पलीकडे जायच्या पायऱ्या नाहीत अशा, आणि प्रत्येक वाट कुणाला जमेल हे लिहिलेलं आहे, गुडघ्याच्या माणसासाठी यासारखं दुसरं काही नाही.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स नको, कुणालाच नको, कॉटन ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचतं. लेबलवर शॉवरप्रूफ लिहिलेलं जॅकेट दहा मिनिटांत पाणी आत घेतं, वॉटरप्रूफ हवं, आणि मुलीला वरून घालायची वॉटरप्रूफ पँट घ्याच कारण ती डबक्यात बसणार. आईंना साडीची सवय असेल तर घरात साडी असू दे, वाटेवर पंजाबी ड्रेस, आतून थर्मल आणि वर तीच वॉटरप्रूफ पँट, साडीचे काठ ओले झाले की पायात येतात. छत्री आणू नका, वाऱ्याने उलटते आणि बाबांचा एक हात अडकतो, त्यापेक्षा त्या हातात चालायची काठी द्या, उतारावर गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो. बूट नवे घेतलेत तर निघायच्या आधी आठवडाभर घरात घालून जिने चढउतार करू द्या. प्रत्येकाचा कोरडे मोजे नि एक स्वेटर असा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत राहू द्या. वाटेवर जपायचं ते चिखलाला नाही, चिखलात पाय बहुतेक रुततो, जास्त सरकतो तो ओल्या पानांच्या थराखालच्या गुळगुळीत दगडावर आणि लाकडी फळ्यांवर. तिथे छोटी पावलं, आणि मुलीचा हात आजोबांच्या हातात द्यायचा नाही, ती पळाली की ते ओढले जातात.

खायचं घरून न्या. कॅफे आहेत, पण चार वाजता बंद होतात आणि पावसात रांगा लागतात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं गोड लोणचं, हे गार झालं तरी चांगलं लागतं, सँडविच गार झालं की कुणी खात नाही. दिवाळी याच दिवसांत आली तर फराळाचा डबा बरोबर घ्या, बाकावर बसून चकली खाण्यातलं सुख घरात नाही, आणि शेजारच्या बाकावरच्या इंग्लिश आजी-आजोबांना शंकरपाळी दिलीत तर पुढचा अर्धा तास गप्पा ठरलेल्या. बाबांना इंग्लिशचा संकोच वाटत असेल तर कुत्र्यावरून किंवा हवेवरून सुरुवात करायला सांगा, इथे अनोळखी माणसाशी हवेवर बोलणं हीच रीत आहे.

मुलगी कंटाळेल असं वाटत असेल तर तिला काम द्या. मेंढ्यांच्या अंगावर लाल-निळे पट्टे दिसतील, ती मालकाची खूण असते, प्रत्येक शेताची वेगळी, तिला रंग मोजू दे. इथली हर्डविक मेंढी जन्मते तेव्हा कोकरू काळं असतं आणि वयाबरोबर राखाडी होत जातं, आजोबांच्या केसांसारखं, हे ऐकून सगळी मुलं आजोबांकडे बघतात. आणखी एक, लेक डिस्ट्रिक्टमध्ये नावात "लेक" असलेलं मोठं तळं एकच, बॅसनथ्वेट लेक, बाकी सगळी वॉटर नाहीतर मिअर, नकाशा देऊन शोधायला लावा. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आपण गेल्यावर बंद करायचं, ही जबाबदारी तिची. ब्रॅकनमधून गेलात तर रात्री पाय तपासा, गोचीड ऑक्टोबरमध्येही असते.

बॉरोडेल आणि बटरमिअरला फोनला रेंज नसते असंच धरून चाला, नकाशा आधीच डाउनलोड करा आणि कॉटेजवर चिठ्ठी ठेवा कुठे गेलोय म्हणून. कुणी पडलं नि उठता येत नसेल तर 999 लावून आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू, थेट अँब्युलन्स मागितली तर वाटेपर्यंत पोचायला वेळ जातो.

रोज सकाळी फक्त दोन प्लॅन हातात ठेवा, एक चांगल्या हवेचा, एक रिपरिपीचा, आणि रडार बघून आठ-साडेआठला ठरवा, सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा, बाबांना आधी विचारा गुडघा आज कसा आहे, मुलीलाही विचारा. दुपारी तीनला घरी यायचं, गरम पाण्याने आंघोळी, मग कांदाभजी, बाहेर पाऊस पडू दे. आणि तो काफक्लोजचा दगड, पहिल्या संध्याकाळी पाणी त्याच्यापासून किती लांब आहे ते मुलीला पावलांनी मोजून फोनमध्ये फोटो काढायला लावा. निघायच्या सकाळी परत तिथे न्या आणि तिलाच सांगू दे चार दिवसांत तळं किती चढलं.